पाईपाजवळची जागा

लढाईच्या मधल्या वर्षांत आमच्या वर्कशॉपची एक लहान तुकडी लोणावळ्याला पोस्ट झाली. पावसाळा चांगला बसला होता. तुंगार्लीत तळ्याच्या अलीकडे मुंबईच्या एका शेठचा बंगला सरकारने ताब्यात घेतला होता. बंगल्यात कॅप्टन साहेब आणि ऑफिस, मागच्या नोकरांच्या खोल्यांत आम्ही, आणि शेठची मोटार जिथे उभी राहायची त्या मोटारखान्यात वर्कशॉप. मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. गाड्यांचे धुराचे पाईप कापायचे आणि जोडायचे हे माझं मुख्य काम.

लोक आजही विचारतात, लढाईत काय केलंस? बर्मात गेलास का? जपानी पाहिलास का? मी सांगतो, पाईप जोडले. मग त्यांचं तोंड उतरतं आणि ते पानाच्या डब्याकडे वळतात. त्यांना बंदूक ऐकायची असते. माझ्याकडे बंदुकीची गोष्ट नाही. जी आहे ती लपवून ठेवलेली नाही. तिची रीतसर चौकशी झाली, निकाल लागला, माझ्या गावी, उर्शात, ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझा सोबती किसन, त्याच्या गावी, नवलाख उंबऱ्यातही. पण ज्याला त्याला तुकडा तुकडा ठाऊक आहे. सलग कोणी ऐकलेली नाही, म्हणून सांगतो.

काम असं होतं. पुढे आमच्या गाड्यांना बर्मातल्या नद्या ओलांडायच्या होत्या, आणि त्याची तालीम इंद्रायणीत चालायची. कामशेतच्या जवळ नदीला एक उतार आहे. उन्हाळ्यात तिथून बैलगाड्या जातात, पावसाळ्यात शहाणा माणूस जात नाही. आम्ही ट्रक घालायचो. ट्रक पाण्यात घालायचा तर आधी प्लग आणि वायरी ग्रीसने लिंपायच्या, पंख्याचा पट्टा काढायचा, आणि धुराचा पाईप, ज्याला मोटारवाले सायलेन्सरचा पाईप म्हणतात, तो वर न्यायचा. एरवी तो गाडीच्या पोटाखालून मागे जातो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर त्याच वाटेने पाणी इंजिनात शिरतं. म्हणून त्याला जोड देऊन तो उभा करायचा, ट्रकच्या टपापेक्षा उंच.

नवा पाईप मिळत नव्हता. मोडीत निघालेल्या गाड्यांचे पाईप यायचे, कुठे दोन हात चांगला, कुठे अडीच हात. गंजलेला भाग करवतीने कापून टाकायचा, कडा कानशीने सारखी करायची, एक तोंड तापवून रुंद करायचं आणि दुसरं त्यात बसवायचं. इंजिनाकडचा पाईप नेहमी आत, पुढचा बाहेर, म्हणजे धूर वाटेने सरळ पुढे जातो, फटीकडे वळत नाही. मग वरून पितळेची झाळ. हे मी शिकलो होतो आणि मला येत होतं. साहेब पाहुण्या अधिकाऱ्यांना माझे जोड दाखवायचे. मी बाजूला उभा राहून खाली बघायचो, पण मनातून फुलायचो.

किसन माझ्या हाताखाली सिपाही होता. नवलाख उंबऱ्याचा, अंगाने काटक, गालात हसणारा. आम्ही तळेगावला एकाच दिवशी भरती झालो होतो. मी आधी मोटारीवर काम केलेलं, म्हणून मला फीत मिळाली आणि तो सिपाही राहिला. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. लोकांसमोर तो मला हवालदार म्हणायचा, बाकी वेळी दादा. मी त्याच्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा असेन.

पहिल्यांदा आम्ही उभा पाईप ट्रकच्या बाहेरच्या अंगाने नेला. नदीकडे जाणारी वाट अरुंद, दोन्हीकडून झाडी. दोनदा फांदीत अडकून पाईप उपटला गेला. कॅप्टन साहेबांनी मोटारखान्यात येऊन पाहिलं.

"हवालदार, पाईप अंदरसे लो," ते म्हणाले.

आतून म्हणजे ट्रकच्या मागच्या भागात, जिथे माणसं आणि सामान असतं तिथे, ड्रायव्हरच्या केबिनला लागून असलेल्या फळीच्या कडेने वर, आणि टपाच्या तिरपालातून बाहेर. मी तसा नेला. एका तुकड्यात तो पुरत नव्हता, जोड द्यावाच लागणार होता. तो फळ्यांच्या खाली देता आला असता. पण तिथे काम करायचं तर गाडीखाली चिखलात उताणं पडायचं, ग्रीस आणि माती तोंडावर घ्यायची. वर दिला तर उभं राहून, उजेडात, नीट करता येत होता. मी वर दिला, गुडघ्याच्या उंचीवर. त्यात आळस नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा मला खरोखर वाटलं की उभ्याने केलेला जोड जास्त चांगला होईल. झालाही तसाच.

त्या पाईपाने ट्रकचा मागचा भाग ऊबदार झाला. ज्याने मावळातला पाऊस काढलेला नाही त्याला हे सुख कळणार नाही. आमच्याकडे चार महिने काही वाळत नाही. घरोघरी चुलीवर आडवी दोरी बांधतात आणि कपडे, सरपण, पोरांच्या टोप्या, सगळं त्यावर वाळतं. धुराने घर भरतं, डोळे चुरचुरतात, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. धूर आहे म्हणजे चूल पेटलेली आहे, आणि चूल पेटलेली आहे म्हणजे सगळं ठीक आहे. आम्ही त्या धुरात वाढलेली माणसं.

दुसऱ्याच दिवशी किसनने त्या पाईपाला तार बांधली, तिचं दुसरं टोक टपाच्या कमानीला बांधलं, आणि त्यावर सगळ्यांचे मोजे वाळत घातले.

"हे काय रं?" मी विचारलं.

"दादा, ही आपली चूल. आता फकस्त भाकरी थापायची राहिली."

आम्ही सगळे हसलो. कॅप्टन साहेबांनीही ती तार पाहिली. "ये क्या, धोबीघाट?" असं म्हणून तेही हसले आणि निघून गेले. मोज्यांच्या जागी मग ओल्या पँटी आल्या, नंतर भिजलेले कोट. भिजलेल्या फौजी कोटाचं वजन ज्याने अंगावर घेतलंय त्यालाच ठाऊक. ते वजन माझ्या जोडावर लटकत होतं आणि मी ते रोज बघत होतो.

आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, किसन रजेवर गेला आणि येताना घोंगडी घेऊन आला. त्याच्या वडिलांनी, आबांनी, धनगराकडून मुद्दाम विणून घेतलेली, काळी, जाड, पाण्याला दाद न देणारी. फौजेची ब्लँकेटं आम्हाला होती. पण आबांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

"म्हातारा म्हणतो, सरकारचं ब्लँकेट म्हंजी चाळण," किसन म्हणाला. "पार टेशनापत्तूर पोचवायला आलता, ही खांद्यावर घिऊन. मी नगं म्हनलो. गाडी हलली तवा आत टाकली."

आता त्या दिवसाचं सांगतो.

सकाळी तीन ट्रक कामशेतला गेले. पहिल्यात कॅप्टन साहेब, आमचा शेवटचा. रस्त्यात कोणाचं काही बिघडलं तर दुरुस्त करायला वर्कशॉपची गाडी नेहमी मागे असते. ड्रायव्हर करतार सिंग, पंजाबी माणूस, फार बोलायचा नाही. त्याच्याशेजारी मी, पायाशी वायरलेस सेट. मागे किसन आणि आणखी दोन सिपाही.

नदी जोरात होती. उताराची कड कळावी म्हणून दोन्ही काठांना दोर ताणला होता आणि मधे, कमरेएवढ्या पाण्यात, खुंटाजवळ एक माणूस उभा करायचा होता. किसन आपणहून उतरला. त्याला गावच्या नदीची सवय होती. आम्ही त्याला बदली देतो म्हणालो, दोनदा म्हणालो, त्याने हात हलवून नको म्हटलं. दिवसभर ट्रक जात राहिले, येत राहिले. आमचा ट्रकही पार गेला आणि परत आला. नदीच्या तळाला मोठे गोटे होते. चाक चढायचं आणि धाडकन खाली यायचं. माझे दात वाजत होते. मागचा जोडही तसाच हादरत असणार, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. पाईप उभा होता, वरून धूर जात होता, एवढं मी पाहिलं.

दुपार कलल्यावर तालीम थांबली. किसनला दोराला धरून काठावर आणला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे झाले होते आणि तो बोलायला गेला की शब्द फुटत नव्हता. आम्ही त्याचे कपडे उतरवले, कोरडी पँट दिली, पोत्याने अंग चोळलं. एकाने त्याला ट्रकच्या मागच्या टोकाला, तिरपालाशी बसवलं.

"तितं नगं," मी म्हणालो. "वारं लागंल. त्याला पाईपापाशी बसवा. गरम जागा त्याला द्या."

माझा तो हुकूम होता. मी तो पुन्हा पुन्हा मनात उलटापालटा करून पाहिला आहे. त्यात चूक सापडत नाही. आजही त्या अवस्थेत कोणी समोर आला तर मी हेच म्हणेन. म्हणूनच ते सोसवत नाही.

किसन पाईपाजवळ, फळीला पाठ टेकून बसला. हसला. "आता बरं वाटतंय, दादा," एवढं नीट म्हणाला. मागच्या तिरपालाचा एक पट्टा तुटला होता आणि तिथून पावसाची झड आत येत होती. किसननेच आपली घोंगडी दुसऱ्या सिपायाकडे दिली आणि त्याने ती त्या फटीवर पसरून दोन्ही बाजूंनी दाबून बांधली. मी बाहेरून ओढून पाहिली. घट्ट होती. शाबास म्हणालो आणि पुढे जाऊन बसलो.

कार्ल्याचा फाटा ओलांडून आम्ही वाकसईच्या आसपास आलो आणि पुढचे ट्रक थांबले. वायरलेस वाजला.

"तीन नंबर, एक नंबर बोल रहा है. पेड़ गिरा है. रास्ता बंद. रुको. इंजिन चालू रखो. ओव्हर."

"तीन नंबर. समझ गया. इंजिन चालू. ओव्हर."

इंजिन चालू ठेवायचा हुकूम बरोबर होता. दिवसभर पाण्यात राहिलेली गाडी एकदा बंद झाली की पुन्हा लवकर सुरू होत नाही. वारा बाहेर होता, पण आम्ही उभे होतो. चालत्या गाडीत कुठून ना कुठून हवा खेळते. उभ्या गाडीत ती तशीच राहते. हे मला आज समजतं. तेव्हा मी काचेवरचं पाणी बघत होतो आणि झाड कापायला किती वेळ लागेल याचा अंदाज करत होतो.

सुरुवातीला मागून बोलणं ऐकू येत होतं. किसन काहीतरी सांगत होता आणि बाकीचे दोघं हसत होते. मग एकजण खोकला. मग शांत झालं.

"हवालदार, पीछे बहुत चुप हैं," करतार सिंग म्हणाला.

"सो गए होंगे. थक गए हैं," मी म्हणालो. "सोने दो."

तो माझ्याकडे बघून पुन्हा समोर बघायला लागला. हुद्द्याने मी मोठा होतो.

पुढच्या ट्रकमधून चहाची किटली आली. मी पेले घेऊन मागे गेलो. पोरांना गरम चहा द्यावा म्हणून मी चांगल्या मनाने गेलो होतो. घोंगडीची गाठ ओली झाल्याने सुटत नव्हती. मी हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, वाघ मारून झोपलेत जणू. गाठ दातांनी सोडवली आणि घोंगडी बाजूला केली.

आत गरम हवेचा झोत आला. वास फार नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात असतो त्यापेक्षा कमीच. मागच्या बाजूचे दोघं एकमेकांवर कलंडले होते, एकाला ओकारी झाली होती. किसन पाईपाजवळ फळीला टेकून बसला होता तसाच होता. हनुवटी छातीवर. आणि त्याच्या गालांवर लाली होती. नदीतून काढला तेव्हा पांढराफटक होता तो, आणि आता गाल गुलाबी. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, ऊब लागली. तो विचार मला आला होता. एका श्वासापुरताच, पण आला होता.

मग मी ओरडलो. करतार सिंग धावत आला. त्याने एक शब्द न विचारता इंजिन बंद केलं आणि तिरपाल चाकूने फाडलं. तिघांनाही आम्ही रस्त्यावर पावसात आडवं टाकलं. दोघांनी थोड्या वेळाने श्वास ओढले, एक रडायला लागला. किसनच्या छातीवर मी आणि करतार सिंग आळीपाळीने दाब देत राहिलो. कॅप्टन साहेब पुढून चालत आले. वायरलेसवर कोणीतरी सारखं विचारत होतं, "तीन नंबर, क्या हुआ? तीन नंबर." कोणी उत्तर दिलं नाही. शेवटी साहेबांनी खाली वाकून माझा हात धरला.

"बस, हवालदार. बस करो."

झाड बाजूला झालं होतं. रस्ता मोकळा होता.

चौकशीत पाईप उतरवून बंगल्याच्या मोटारखान्यात आणला. पितळेची झाळ एका बाजूने उकलली होती. फट नखाएवढी. तारेचा फास जोडाच्या बरोबर वर बसलेला. डॉक्टरांनी सांगितलं, धुरात एक विषारी गॅस असतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला झोप येते आणि तो उठत नाही, गाल मात्र लाल राहतात. आमच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नव्हतं. चौकशीत कोणाला दोषी धरलं नाही. पाईप आतून न्यायचा हुकूम होता, इंजिन चालू ठेवायचा हुकूम होता, जोड तपासला तेव्हा चांगला होता. साहेबांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "तुम्हारा कसूर नहीं." भला माणूस होता. पण कोणी शिक्षा केली असती तर ती कधीतरी भोगून संपली असती. कसूर नाही म्हटल्यावर ती कुठे नेऊन टाकायची?

किसनला गावी मीच घेऊन गेलो. तळेगावच्या पुढे ट्रक रुतला. तिथून नवलाख उंबऱ्यापर्यंत गावच्या लोकांनी खांद्यावर नेला. आबा ओट्यावर उभे होते. त्यांनी तोंडावरचं कापड काढलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला तर काय झाल्यालं न्हाई," ते म्हणाले. "नुस्ता झोपलाय."

मी त्यांच्यासमोर सलाम केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मग त्याची किट हातात दिली. वर गुंडाळून ठेवलेली घोंगडी होती. सगळा प्रकार मी तिथेच, त्यांच्या अंगणात, सांगितला. पाईप, जोड, जागा, सगळं. फक्त घोंगडीचं सांगितलं नाही. ती त्यांच्या काखेत होती.

लढाई संपली, मला डिस्चार्ज मिळाला. उर्शाला शेती होती, पण मला माती जमली नाही. तुंगार्लीत दोन खोल्या घेतल्या आणि शेजारी पत्र्याची एक पडवी काढून घरच्या घरी गॅरेज टाकलं. मोटारवाले येऊ लागले. मुंबईची मंडळी खंडाळ्याचा घाट चढून येतात, रस्ता सोडून मोटार भलतीकडे घालतात, दगडावर सायलेन्सर आपटतात आणि मग दगडाला शिव्या देत माझ्याकडे येतात. मी पाईप कापतो, जोडतो. दुसरं कोणतं काम मला धड येत नाही. मनात येतं, ज्या हाताने हे झालं त्याच हाताने मी पोट भरतो. ही गोष्ट मला रुचत नाही, पण पोट मागतं.

पहिल्याच पावसाळ्यात आबा आले. पाठीवर आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं.

"हितं गॅरेज टाकलंस म्हनं. बघावं म्हनलं."

त्यांनी पडवीत एका रिकाम्या डब्यावर बैठक मारली आणि मी काम करतो ते बघत बसले. संध्याकाळच्या गाडीने गेले. मग ते अधूनमधून यायला लागले. बोलणं असं नाही. मी कडा घासत असलो की म्हणायचे, "ही कड कशाला घासतूस?" मी सांगायचो. "आन ह्यो आत का, त्यो भायेर का?" मी सांगायचो. किसनचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो. ते असले की माझी झाळ सांडायची. कधी वाटायचं, हा म्हातारा येऊ नये. आणि दोन आठवडे आला नाही की मी फाटकाकडे बघत बसायचो. ते मला माफ करायला येतात की शिक्षा द्यायला, हे मला कळत नव्हतं. विचारायचं धाडस नव्हतं.

असे तीन पावसाळे गेले. गेल्या श्रावणात ते आले ते तांदूळ न घेता. काखेत घोंगडी होती. मी ती लगेच ओळखली. ते डब्यावर बसले नाहीत.

"सखाराम, तळेगावच्या बाजारात त्यो भेटलता. किसनच्या संगं गाडीत व्हता त्यातला एक, जुन्नरकडचा. त्यानं सांगितलं."

"काय सांगितलं, आबा?"

"फट व्हती म्हनं गाडीला. वारं येत व्हतं. ती फट ह्या घोंगडीनं बंद केलती." त्यांनी घोंगडी पुढे धरली. "ही नसती तर वारं आलं आसतं. पोरगं भिजलं आसतं, पर उटलं आसतं. व्हय का न्हाई?"

माझ्या हातातली करवत मी खाली ठेवली.

"आमी म्हातारा-म्हातारीनं ही मुद्दाम करून घेतली," आबा म्हणाले. "त्याला नको व्हती. वझं हुतंय म्हनला. मी चालत्या गाडीत टाकली. तू मला कदी बोल्ला न्हाईस. का बोल्ला न्हाईस?"

मला खोटं बोलता आलं असतं. घोंगडीचा काही संबंध नव्हता, असं एक वाक्य. पण हा माणूस तीन पावसाळे माझ्यासमोर बसून फट म्हणजे काय ते शिकला होता. त्याला खोटं कळलं असतं.

"वारं आलं आसतं तर कदाचित उटला आसता, आबा," मी म्हणालो. "पर धूर आत आला त्यो माज्या जोडातनं. घोंगडीचं काम वारं आडवायचं. ते तिनं केलं. पाईपाचं काम धूर भायेर न्यायचं, ते माज्या जोडानं केलं न्हाई. आन त्याला पाईपापाशी बसवा म्हनून मीच सांगितलं."

"का सांगितलंस?"

"गारठलाता. दिसभर पान्यात व्हता. म्हनलं, गरम जागा त्याला द्या."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला वाटलं, आता ते उठून जातील आणि पुन्हा येणार नाहीत. तसं झालं असतं तर ते बरोबरच होतं.

"गारठलाता," ते शेवटी म्हणाले. मग डब्यावर बसले आणि तोंड पंच्यात घालून रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. किसनला आणला त्या दिवशीही ते रडले नव्हते. मीही रडलो. दोन माणसं पत्र्याखाली रडत होती आणि बाहेर एक मुंबईचा मोटारवाला हॉर्न वाजवत होता.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि इकडे तिकडे बघितलं. मोटार उभी होती, खालची जमीन ओली होती.

"जोड गाडीखाली देतूस का वर?"

"खाली देतो. तवापास्नं कायम खाली."

"मंग उताना पडावं लागतंय."

"व्हय."

"वलीत?"

"व्हय, आबा."

ते उठले. गुडघे धरून खाली बसले आणि स्वतःच्या हाताने ती घोंगडी मोटारीखाली अंथरली. चारही कोपरे नीट ओढून सारखे केले, जसं पोराचं अंथरूण घालावं तसं.

"हिच्याव पडून काम कर. पाठीत वल शिरंल," ते म्हणाले. "पोराला ल्हानपनापास्नं वलीचा तरास."

मला त्यावर पाठ टेकायचा धीर होईना. आबा तिथेच उभे राहिले. मी टेकवली.

आबा या उन्हाळ्यात गेले. घोंगडी माझ्याकडे आहे. ग्रीसने काळी ती आणखी काळी झाली आहे. जोड झाला की मी इंजिन सुरू करतो, तिच्यावर उताणा पडून ओला हात पाईपाभोवती फिरवतो, कुठून गरम फुंकर लागते का ते बघतो. मग पुन्हा एकदा फिरवतो. गिऱ्हाईक घाई करतं, मी ऐकत नाही. आणि मागच्या सीटवर पोरं झोपलेली असली तर त्यांना आधी उठवून बाहेर उभं करतो. आया चिडतात. किसन आमच्या तुकडीतला एकटाच गेला. त्याचं नाव लढाईत पडलेल्यांत कुठे कोरलेलं नाही, कारण तो लढाईत पडला नाही. तो वाकसईच्या रस्त्यावर, थांबलेल्या गाडीत, मी दिलेल्या जागेवर बसून गेला.